खरखरीची बाजू

दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत एक अर्ज फिरला. ‘अमुक घरातून रोज संध्याकाळी विजेच्या गिटारचा कर्कश आवाज येतो, वृद्धांना व परीक्षार्थींना त्रास होतो, तरी संबंधितांस समज द्यावी’ असा त्याचा आशय. खाली सतरा सह्या होत्या. संबंधित घर आमचेच होते, गिटार आमच्या भाच्याची होती, आणि अठरावी सही आम्ही केली.

सही करताना आम्हांला काडीचाही संकोच वाटला नाही, हे प्रथम कबूल केले पाहिजे. उलट आपण किती निःपक्षपाती आहोत याचे थोडे समाधानच वाटले. भाचा शिरोलीच्या एका फाउंड्रीत कामाला. दिवसभर भट्टीच्या आणि ग्राइंडरच्या सान्निध्यात राहून घरी यायचा, आंघोळ करायचा, आणि माडीवरच्या खोलीत जाऊन पायाखालचे एक काळपट डबडे दाबायचा. त्यानंतर जे सुरू व्हायचे त्याला आम्ही ‘घरघर’ म्हणत असू. तो त्याला ‘डिस्टॉर्शन’ म्हणे. अर्जाची प्रत हाती पडल्यावर तो वाद घालत बसला नाही. “बरं मामा” एवढेच म्हणाला आणि डबडे कपाटात ठेवून दिले. गिटारही हळूहळू बंद पडली. आम्हांला वाटले, प्रश्न मिटला.

त्याच अर्जावर सही करणाऱ्या एका मंडळाने पुढच्या गणेशोत्सवात गल्लीच्या तोंडाशी डॉल्बीची भिंत उभी केली, तेव्हा कपाटातली भांडी थरथरत होती. आमच्या छातीत ठोके आपटत होते. त्याविरुद्ध अर्ज काढायचे कुणाला सुचले नाही, आम्हांलाही नाही. त्या रात्री भाचा खिडकीशी उभा राहून शांतपणे म्हणाला, “मामा, हासुद्धा डिस्टॉर्शनच आहे. फक्त कुणी मुद्दाम केलेला नाही.” हे वाक्य आमच्या डोक्यातून गेले नाही, आणि प्रस्तुत लेख त्याच वाक्याचे देणे आहे.

आम्ही वाढलो ते तंबोऱ्याच्या सुरात. ज्या शहरात शाहू महाराजांच्या पदरी अल्लादियाखाँ होते, जिथे १८८३ साली स्थापन झालेल्या गायन समाज देवल क्लबाची बैठक पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, त्या शहरातल्या मध्यमवर्गीय घरात ‘सूर’ या शब्दाला एक सोवळेपण असते. सूर म्हणजे शुद्ध, स्वच्छ, निर्मळ. खरखर म्हणजे बिघाड. रेडिओ खरखरला की आमचे वडील त्याच्या पाठीवर थाप मारीत. आवाजाचे दोनच प्रकार आम्हांला ठाऊक होते, आणि भाच्याचा आवाज कोणत्या प्रकारात मोडतो याविषयी शंकेला जागा नव्हती.

शंका आली ती मिरजेला. घरचा जुना तंबोरा बरीच वर्षे मुका झाल्यासारखा वाजत होता. तारा नव्या घातल्या तरी त्यात प्राण येईना. म्हणून तो मिरजेच्या एका कारागिराकडे नेला. सोबत उचलायला म्हणून भाचा आला. सितार-तंबोऱ्याच्या कामाची मिरजेची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची आहे, आणि २०२४ साली तिथल्या सितारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. कारागिराने तार छेडली, मान हलवली आणि म्हणाला, “जवारी गेली आहे.” मग त्याने घोडी समोर घेतली आणि बारीक कानशीने तिचा पृष्ठभाग घासू लागला. दोन हात मारायचे, तार छेडायची, ऐकायचे, पुन्हा दोन हात. शेवटी तारेखाली सुताचा धागा सरकवला, आणि एका विशिष्ट जागी येताच तो तंबोरा अक्षरशः बोलू लागला.

भाचा इतका वेळ वाकून पाहत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, “मामा, हे काका गेन वाढवत होते.”

आम्ही हसलो, पण तो चेष्टा करत नव्हता. तंबोऱ्याची घोडी गिटारसारखी धारदार नसते, ती रुंद असते आणि तिला अगदी अल्पसा बाक दिलेला असतो. तार हलताना त्या बाकाला पुन्हापुन्हा चाटून जाते. यंत्रशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर तारेच्या मुक्त कंपनात घोडी सतत अडथळा आणते. शुद्ध कंपन बिघडते. आणि त्या बिघाडातूनच वरचे सारे स्वरांश, ज्यांना पाश्चात्य शास्त्र हार्मोनिक म्हणते, ते उमलतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली आपल्या तंतुवाद्यांवर लिहिताना याच गोष्टीकडे लक्ष वेधले होते. तार ज्या बिंदूवर छेडली असता अमुक स्वरांश उमटताच कामा नयेत असे जुना नियम सांगतो, तिथे छेडूनही तंबोऱ्यात आणि वीणेत ते स्वरांश जोरकस ऐकू येतात. त्याचे कारण घोडीचा तो बाक. ज्याला आम्ही सुराचा प्राण समजत आलो, तो काटेकोर अर्थाने तारेच्या कंपनात जाणूनबुजून आणलेला बिघाड आहे. जवारी म्हणजे सुसंस्कृत खरखर.

आता भाच्याचे डबडे घ्या. गिटारच्या तारेखालच्या लोहचुंबकी पिकअपमधून निघणारा विद्युत्‌संदेश अगदी क्षीण, व्होल्टच्या एखाद्या अंशाइतका असतो. नऊ व्होल्टांवर चालणारे पेडल तो आधी शेकडो पटींनी वाढवते, आणि मग वाटेत डायोड नावाचे दोन चिमुकले पहारेकरी उभे करते. सिलिकॉनचा डायोड साधारण ०.६ व्होल्टच्या वर संदेशाला जाऊ देत नाही. लाट उसळते, पण तिचा माथा तिथल्या तिथे छाटला जातो. गोलाईदार लाटेची अशी सपाट माथ्याची लाट झाली की मूळ स्वराच्या तिप्पट, पाचपट, सातपट कंपनसंख्येचे स्वरांश तिच्यात उपजतात. यांतला तिपटीचा स्वरांश म्हणजे वरच्या सप्तकातला पंचम आणि पाचपटीचा म्हणजे त्याच्याही वरचा गंधार. होय, तोच गंधार, जो सुरेल लागलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप ऐकू येतो आणि ज्याला आपण ‘स्वयंभू’ म्हणून हात जोडतो. घोडीचा बाक आणि डायोडची जोडी ही दोन अगदी भिन्न साधने आहेत, त्यांचा नादही भिन्न आहे. पण दोन्हींचा व्यवसाय एकच, सरळ लाटेला अडवून तिच्या पोटातले स्वर बाहेर काढणे.

एवढ्यावर साम्य संपत नाही. हेवी मेटल संगीतात मोठे, भरगच्च कॉर्ड फारसे वापरत नाहीत. बहुतेक भार षड्ज-पंचमाच्या जोडीवर, ज्याला ती मंडळी पॉवर कॉर्ड म्हणतात. आम्हांला हा इतके दिवस दारिद्र्याचा पुरावा वाटत असे. भाच्याने खरे कारण दाखवून दिले. दोन स्वर एकत्रितपणे छाटले गेले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे स्वर तयार होतात. ११० कंपनांचा षड्ज आणि सुमारे १६५ कंपनांचा पंचम घेतला तर वजाबाकी येते ५५, म्हणजे खालच्या सप्तकातला षड्ज. न छेडलेला खर्ज आपण होऊन हजर होतो, आणि दोन तारांतून डोंगर उभा राहतो. याउलट गिटारच्या पडद्यांवरचा गंधार समान श्रुतिविभागणीमुळे स्वयंभू गंधारापेक्षा श्रुतीच्या हिशेबात चांगलाच चढा असतो. डिस्टॉर्शनमध्ये हे दोन गंधार एकमेकांशी भांडतात आणि चिखल होतो. म्हणून मेटलवाला गंधार शक्यतो टाळतो आणि सा-प धरून बसतो. आमचा तंबोराही सा-प धरूनच बसतो. ज्याला आम्ही अडाणीपणा समजत होतो तो कानाचा विवेक निघाला.

या आवाजाचा जन्मही बिघाडातूनच झाला, ही त्याच्या इतिहासातली मौजेची बाब. १९५१ सालच्या ‘रॉकेट ८८’ या ध्वनिमुद्रिकेत वाटेत दुखावलेल्या ॲम्प्लिफायरची भरड ऐकू येते. अमेरिकेतल्या नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्सच्या, १९६१ साली निघालेल्या गाण्याचे मुद्रण चालू असताना यंत्राचा एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिनचे वादन भलतेच खरखरीत उतरले. ते तसेच ठेवण्यात आले. पुढच्याच वर्षी तो बिघाड डबीत भरून ‘मॅस्ट्रो फझ-टोन’ या नावाने विकायला आला. १९६४ साली किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने तर दाढीच्या पात्याने स्वतःच्या स्पीकरचा पडदाच चिरला. म्हणजे हातात कानस घेतलेला मिरजेचा कारागीर आणि हातात पाते घेतलेला लंडनचा पोरगा एकाच शोधात होते. फरक इतकाच की एकामागे पिढ्यांची शिकवण होती आणि दुसऱ्यामागे फक्त वय.

पण या विषयात कोल्हापूरकराने खरे थांबावे ते बर्मिंगहॅमपाशी. टोनी आयोमी हा तिथल्या पत्र्याच्या कारखान्यात काम करणारा सतरा वर्षांचा मुलगा. नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्याने तारा दाबण्याचा हात नेमका तोच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, पातळ तारा लावल्या, पुढे त्या उतरवून सैल केल्या. त्या उतरलेल्या, जड, भरडलेल्या सुरातून ‘ब्लॅक सॅबथ’ उभे राहिले आणि त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका १३ फेब्रुवारी १९७० रोजी निघाली. त्याच बँडने ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्याच मैदानावर शेवटचा कार्यक्रम केला आणि अवघ्या सतरा दिवसांनी त्यांचा गायक ऑझी ऑस्बर्न वारला. हेवी मेटल हे नाव कुठून आले याविषयी अनेक मते असोत; ते संगीत मात्र खरोखरीच धातूच्या गावात, धातूने जखमी झालेल्या हातांनी घडवले.

आमचे शहरही धातूचेच. शिवाजी उद्यमनगरातली लेथ, तिथली ऑइल इंजिने, शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या, वाहनांच्या सुट्या भागांचे कास्टिंग यांवर हजारो घरे उभी आहेत. कोल्हापूर म्हटले की आम्ही गूळ, चप्पल, तांबडा-पांढरा आणि अंबाबाई सांगतो. ओतीव लोखंड सांगत नाही. आमच्या साहित्यात शेत आहे, तालीम आहे, तमाशा आहे. भट्टी मात्र शोधावी लागते. आठ तास तो आवाज अंगावर घेणाऱ्या मुलाने संध्याकाळी कोणते संगीत वाजवावे अशी आमची अपेक्षा होती? त्याला दिवसभर जो आवाज नुसता सोसावा लागतो, तो संध्याकाळी त्याच्या पायाखाली असतो आणि त्याच्या हुकमाने थांबतो. हे आम्हांला फार उशिरा कळले.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप परकेपणाचा. त्याला उत्तर आमच्याच शहरात आहे. पेटी परकी म्हणून १९४० साली आकाशवाणीवर तिला बंदी झाली आणि ती तीस वर्षे टिकली. ज्या गोविंदराव टेंब्यांचा कोल्हापूरला अभिमान वाटतो, ते त्या परक्या पेटीचेच थोर वादक होते. आज पेटीशिवाय मैफल सुनी वाटते. परकेपणा हा वाद्याचा गुण नसून कानाचे वय असते. मुंबईतल्या एका मेटल बँडने ‘भयानक मौत’ असे नाव घेतले, दिल्लीच्या ‘ब्लडीवुड’ने या गिटारांशेजारी ढोल उभा केला, हे वाद्य इथे राहायला आले आहे, पाहुणे नाही.

दुसरा आक्षेप गोंगाटाचा, आणि इथे भाच्याचे ते खिडकीतले वाक्य पुन्हा ऐकले पाहिजे. डिस्टॉर्शन आणि आवाजाची पातळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेडलमध्ये लाट छाटली जाते ती सुरुवातीलाच, जिथे तिच्यात एखादा दिवाही पेटवण्याची ताकद नसते. पुढे ती हेडफोनात कुजबुजीइतकी सोडा किंवा मैदानावर सोडा, तो वाजवणाऱ्याचा निर्णय. डॉल्बीच्या भिंतीत लाट छाटली जाते ती शेवटी, हजारो वॉटांच्या ॲम्प्लिफायरची कुवत संपते म्हणून. तेवढ्याच उंचीच्या गोल लाटेपेक्षा पूर्ण सपाट माथ्याच्या लाटेत दुप्पट शक्ती असते. ती स्पीकरची कॉइल जाळते आणि आमचे कानही. तिथे कोणता स्वरांश यावा, कोणता नको, हे ठरवणारा कुणी नसतो. गंमत अशी की ज्या रे डॉल्बींचे नाव आपण या भिंतीला दिले, त्यांनी १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली ती ध्वनिफितीवरची खरखर कमी करण्यासाठी! निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी २००० सालीच घालून दिलेली आहे. तिच्या बाजूने आम्ही शंभर अर्जांवर सह्या करू. पण मग माप सर्वांना एकच लावावे. माडीवरच्या एकट्या पोराला समज आणि चौकातल्या भिंतीला नारळ, हा न्याय झाला नाही. आम्ही आवाजाविरुद्ध सही केली नव्हती, ज्याच्यामागे गर्दी नाही अशा आवाजाविरुद्ध केली होती.

तिसरी गोष्ट आक्षेप म्हणून कुणी बोलून दाखवत नाही, ती म्हणजे आवाजाची जात. जवारीच्या खरखरीला आम्ही गाभाऱ्यात बसवले, कारण ती मैफलीत भेटली. हलगी शेकोटीवर तापवली की तिच्या कातड्यातून जो कडक, कानाला झोंबणारा नाद निघतो त्यात काय कमी वैभव आहे? पण ते वाद्य ज्या समाजांच्या हाती होते त्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले, आणि त्यांच्या नादालाही. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचे कुस्तीचे मैदान बांधले आणि १९१५ साली त्याच्या शेजारीच पॅलेस थिएटर, म्हणजे पुढचे केशवराव भोसले नाट्यगृह. एका बाजूला हलगी, दुसऱ्या बाजूला नाट्यपद. त्या राजाला दोन्ही आवाज शेजारी नांदू शकतात असे वाटले. आम्हां सुशिक्षितांना अजून तसे वाटत नाही. जो आवाज आपल्या ओळखीच्या माणसांच्या तोंडून येत नाही तो ‘गोंगाट’ ठरवायचा, ही सवय जुनी आहे, आणि गिटारवर तिचा प्रयोग झाला इतकेच.

म्हणजे डिस्टॉर्शनमध्ये सारेच आलबेल आहे असे नव्हे. भाच्याशी आमचे या बाबतीत आजही भांडण आहे. गेन वाढवला की बोटांच्या चुका झाकल्या जातात. लाट छाटली गेल्याने हळू छेडलेला आणि जोरात छेडलेला स्वर जवळजवळ सारखाच ऐकू येतो, आणि ज्या चढउतारावर आमचे सारे गायन उभे आहे तेच नाहीसे होते. बाजारात १९९१ पासून मिळणाऱ्या ‘मेटल झोन’ पेडलची सगळी बटणे उजवीकडे फिरवून बसणारी पोरे जगभर आहेत. पण याच अतिरेकातून शैलीही निघते. १९८३ साली आलेल्या बॉसच्या ‘एचएम-२ हेवी मेटल’ या पेडलची चारही बटणे टोकाला नेऊन स्टॉकहोमच्या तरुणांनी करवतीसारखा एक आवाज घडवला, आणि १९९० साली एन्टूम्बडच्या पहिल्याच ध्वनिमुद्रिकेने त्याला घराण्याची प्रतिष्ठा दिली. ते पेडल १९९१ मध्ये बंद पडले, तरी त्या आवाजाच्या शोधात लोक जुने नग धुंडाळत राहिले आणि २०२१ मध्ये कंपनीला ते नव्या रूपात पुन्हा आणावे लागले. घराणे याहून वेगळे काय असते? एक विशिष्ट बिघाड, तो निष्ठेने सांभाळणारे शिष्य, आणि तो न आवडणारे इतर सगळे.

आमचे मागणे मोठे नाही. ज्या शहराने गाण्याला क्लब दिला आणि कुस्तीला मैदान दिले, त्या शहरातल्या एखाद्या संस्थेने आठवड्यातून दोन संध्याकाळी या मुलांना एक बंद खोली द्यावी. भिंतींना जाड गोधड्या टांगल्या तरी पुष्कळ काम होते. आणि आमच्यासारख्यांनी महिन्यातून एकदा तिथे जाऊन बसावे. आवडेलच असे नाही, पण मैफलीत तरी आपल्याला सगळे कुठे आवडते?

असो. गेल्या महिन्यात आम्ही स्वतःच कपाट उघडून ते काळपट डबडे बाहेर काढले. आतली बॅटरी गळून टोके हिरवी पडली होती. ती कानशीने घासली, नवी बॅटरी आणली आणि डबडे भाच्यासमोर ठेवले. त्याने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि म्हणाला, “मामा, बोटं गेली आता. पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.” सध्या तो संध्याकाळी हेडफोन लावून बसतो. माडीवरून फक्त तारांवरच्या नखीचा बारीक टिकटिक आवाज येतो. दुसऱ्या कानात काय चालले आहे ते ऐकायला मागावे असे रोज मनात येते. अठराव्या सहीचा विषय आमच्यात अजून निघालेला नाही.